इंजिनाचा चावा

गळ्यात रुमाल बांधलेला, एक गाल बधिर, तोंडात कापसाचे बोळे, अशा थाटात बेकरीवाला दातांच्या दवाखान्यातून थेट रस्त्यावर आला, समोरच्या चपलांच्या दुकानात शिरला आणि म्हणाला, "माआ आत अळतोय." चपलावाल्याला काही उमगेना. त्याने सवयीने पायाचं माप विचारलं.

बेकरीवाल्याला म्हणायचं होतं, माझा दात जळतोय. त्यात त्याची अगदीच चूक नव्हती. वास खरा होता आणि काहीतरी जळत होतं हेही खरं. फक्त तो त्याचा दात नव्हता. दवाखान्यात त्याच्या डोक्यावरून, छताखालच्या पट्टीवरून जाणारं बत्तिशीकाकांचं खेळण्यातलं इंजिन होतं.

बत्तिशीकाका म्हणजे कवळ्या करणारे काका. त्यांचं खरं नाव काकूंनासुद्धा जरा आठवून सांगावं लागे. त्यांच्या उमेदीच्या काळात निम्मं गाव त्यांच्या हातच्या दातांनी जेवत होतं आणि उरलेलं निम्मं आपली पाळी यायची वाट बघत होतं. रस्त्याने जाताना कुणी हसून नमस्कार केला की काका आधी त्याच्या तोंडाकडे बघत आणि मग चेहऱ्याकडे. माणूस ओळखीचा नसला तरी दात ओळखीचे निघत.

काकांचा अभिमान एकच. त्यांची कवळी हलत नसे. बाजारात लिलाव पुकारणारा एक दांडगा गडी होता. सकाळपासून दुपारपर्यंत नुसता ओरडायचा, त्यात त्याला शिंकांचा आजार. पण काकांची कवळी तोंडात गेल्यापासून त्याचा आवाज बाहेर पडायचा, दात आतच राहायचे. "घट्ट बसलं तर बसलं म्हणायचं," काका सांगत, "नाहीतर बसवलं काय आणि ठेवलं काय, सारखंच." हे वाक्य ते कवळीपुरतं ठेवत नसत. डब्याची झाकणं, दाराच्या कड्या, लग्नं, सगळीकडे लावत. घरातली लोणच्याची बरणी काकांनी बंद केली की पुढच्या जेवणाला लोणचं नाही असं काकू धरूनच चालत.

पुढे मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली ती दातांची डॉक्टर. याला म्हणतात नशीब. काकांच्या कामाच्या खोलीला लागूनच तिने दवाखाना थाटला. घरात ती सूनबाई, "अगं, जरा पाणी दे" वगैरे. पण दवाखान्याचा उंबरठा ओलांडला की काका तिला "डॉक्टर" म्हणत आणि "अहो" करत. एकदा बोलता बोलता दोघंही नेमकी उंबरठ्यावर उभी होती, तेव्हा काकांचं वाक्य "अगं" ने सुरू होऊन "बघा" ने संपलं होतं.

मात्र कवळ्यांचं काम हळूहळू काकांच्या हातून गेलं. कुणी काढून घेतलं नाही, गेलं. आता रोग्याच्या तोंडात छोटा कॅमेरा फिरतो, ते चित्र कुठल्या तरी लांबच्या शहरात पोचतं आणि काही दिवसांनी कुरिअरने दात येतात. काकांनी ते दात चष्मा लावून, चष्मा काढून, उजेडात धरून पाहिले. "चांगले असतात," ते काकूंना म्हणाले. "नावं ठेवायला जागा नाही, हाच काय तो दोष."

उरली ती गाडी. एका जहाजावरच्या आचाऱ्याला काकांनी कवळी करून दिली होती. त्याला स्वतःच्या हातचं पुन्हा चावून खाता आलं, त्या आनंदात त्याने आपल्या पेटीतून एक तळहाताएवढं काळं इंजिन आणि डबे काढून काकांच्या हातात ठेवले. सूनबाईंचा दवाखाना झाला तेव्हा काकांनी त्या गाडीचे रूळ छताखाली बसवले. खुर्चीच्या बरोबर वर पारदर्शक पट्टी. गाडी समोरच्या खिडकीकडून यायची, आडव्या पडलेल्या माणसाच्या डोक्यावरून मागे जायची, दारावरच्या भोकातून बाहेरच्या खोलीत शिरायची, बाकावर बसलेल्या मंडळींना एक फेरी दाखवून कडेच्या भिंतीवरून पुन्हा खिडकीशी हजर. खालून तिची चाकं फिरताना दिसत. मुलं सुई विसरत. मोठी माणसं विसरल्याचं दाखवत नसत, पण विसरत.

आणि रुळावर धूळ साठली की गाडी अडखळते, म्हणून काका रोज सकाळी शिडीवर चढून स्पिरिटच्या बोळ्याने रूळ पुसत. दवाखान्यात जायचं त्यांच्याकडे आता तेवढंच कारण होतं. कुणी विचारलं तर ते म्हणत, "रेल्वेत आहे."

तर ते इंजिन जळलं. आणि जळलं तेही अशा वेळी, की नशिबालाही थोडी लाज वाटायला हवी होती. कारण त्याच आठवड्यात विहीणबाईंनी, म्हणजे सूनबाईंच्या आईंनी, लेकीच्या दवाखान्याला एक टीव्ही भेट दिला होता. छताला उलटा टांगायचा, खुर्चीच्या बरोबर वर. जिथे पट्टी होती तिथेच.

"बाबा, आईने इतक्या प्रेमानं आणलाय," सूनबाई स्वयंपाकघरात म्हणाल्या. "आणि खरं सांगू का, बेकरीवाले अजून परत आले नाहीत. अर्धा दात भरून गेलेत."

"तो येईल. बधिरपणा उतरला की कळेल त्याला."

"सोमवारी आई येणार आहे, टीव्ही लावणारा माणूस घेऊन. तोपर्यंत गाडी चालली तर बघू. नाही चालली तर मात्र मी तिला काय सांगू?"

यात वावगं काही नव्हतं. पट्टी निघाली की रूळ निघणार. रूळ निघाले की सकाळी शिडीवर चढायचं कशाला? आणि शिडीवर चढायचं नाही तर दवाखान्यात जाऊन बाकावर बसायचं का, पेशंटसारखं? काकांचे तर सगळे दात शाबूत होते. तेही निमित्त नाही.

त्यांनी कामाच्या खोलीचं दार लावलं आणि इंजिन टेबलावर उताणं झोपवलं.

वरचं टोप काढलं तेव्हा आतली जुनी मोटर दिसली. घोड्याच्या नालेसारखं लोहचुंबक, मधे तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि ते वेटोळं काळंठिक्कर पडलेलं. काकांनी चुंबकाला टाचणी लावून बघितली. टाचणी जरा वेळ चिकटली आणि मग, उगाच कशाला, अशा विचाराने खाली पडली.

"चुंबकाची ताकद गेलीय," ते काकूंना म्हणाले.

"या वयात तो तरी कशाकशाला धरून ठेवणार," काकू म्हणाल्या आणि चहाचा कप टाचण्यांपासून लांब ठेवून गेल्या.

जुनी मोटर दुरुस्त होण्यातली नव्हती. कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे बंद पडलेल्या यंत्रांतून काढलेल्या मोटरींचा एक डबा होता. त्याने तो डबा काकांपुढे उपडा केला. काकांनी दाणे निवडावेत तशा त्या निवडल्या आणि त्यातली एक, बोटाच्या पेराएवढी गोल डबीसारखी मोटर उचलली. ती भलतीच चपळ होती. रेडिओवाल्याने तारा लावल्या तर हातातून उडीच मारायला बघत होती.

अडचण एकच. नवी मोटर जुनीपेक्षा बारीक. जुनीच्या जागी ठेवली तर रिकाम्या घरात एकटा भाडेकरू राहावा तशी गडगडत होती. तिला बसायला जागा करायला हवी होती, आणि रिकाम्या जागेत नेमकं बसणारं काहीतरी करणं, हे तर काकांनी आयुष्यभर केलेलं काम. पुन्हा गंमत अशी की ते काम दातांचंच होतं. मोटरच्या दांड्यावर एक मळसूत्र असतं, स्क्रूसारखे आटे असलेलं. खाली चाकाच्या आसावर एक पितळी चाक, त्याला बारीक बारीक दाते. मळसूत्र फिरलं की ते दात्यांत अडकून चाक फिरवतं, की गाडी चालली. वरचे दात, खालचे दात. काकांना अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

त्यांनी इंजिनाच्या पोटाचं माप घेतलं, रोग्याच्या तोंडाचं घेतात त्याच लिबलिबीत मसाल्याने. त्यात प्लॅस्टर ओतून साचा काढला. साच्यावर मेणाची बैठक बनवली, मोटर त्यात दाबून ठसा घेतला. मग मेण वितळवून घालवलं, त्या जागी कवळीचं गुलाबी ॲक्रिलिक भरलं आणि शेगडीवर उकळत ठेवलं. काकू डोकावल्या. बऱ्याच दिवसांनी त्या पातेल्यातून तो वास येत होता आणि काका शीळ घालत होते. त्यांनी दार अलगद ओढून घेतलं.

बैठक घासून, पुसून, चकाकी देऊन तयार झाली तेव्हा काकू पुन्हा आल्या.

"हे काय, इंजिनाला हिरडी बसवलीत?"

"मग? दात काय हिरडीशिवाय उभे राहतात?"

"आणि टाळू?"

"टाळू नाही केला. त्याला बोलायचं नाहीये."

जुन्या मोटरवरचं मळसूत्र काढून त्यांनी नव्या दांड्यावर चढवलं, मोटर हिरडीत दाबली. टक्क असा आवाज झाला. हलवून पाहिली, उलटी करून झटकली, टेबलावर आपटली. हूं की चूं नाही. लिलाववाल्याच्या तोंडात द्यावी इतकी घट्ट. काकांनी समाधानाने तारा जोडल्या आणि बटण दाबलं.

मोटर गुं गुं करू लागली. चाक हलेना. जरा वेळाने मोटर तापली. काकांनी घाईघाईने बटण बंद केलं, कारण जळका वास एकदा बेकरीवाल्याला पुरला होता.

पुढचा सगळा दिवस काकांनी त्या मोटरला दोष देण्यात घालवला. तेल घातलं. तारा बदलल्या. मोटर काढून पाहिली तर एकटी कशी भिंगरीसारखी फिरायची. पुन्हा बसवली की गप्प. "अहो, माहेरी हसती-बोलती, सासरी गप्प," काकू म्हणाल्या, "म्हणजे मोटरमधे दोष नसतो, हे तरी तुम्हाला कळायला पाहिजे." काकांना वाटलं बैठक अजून सैल असेल. त्यांनी आणखी एक पातळ थर दिला. आता मोटरचं गुं गुंसुद्धा बंद झालं.

रविवारी दुपारी सूनबाई जेवायला बोलवायला म्हणून कामाच्या खोलीत आल्या. काका इंजिन हातात घेऊन बसले होते. चष्मा कपाळावर, नजर खिडकीबाहेर.

"सांग तुझ्या आईला, लावा म्हणावं टीव्ही," ते म्हणाले. "मोटरच मरतुकडी निघाली. इतकं घट्ट बसवलं, केसभर हलत नाही, तरी चालत नाही म्हणजे काय?"

सूनबाईंनी इंजिन हातात घेतलं. बोटाने चाक फिरवून पाहिलं. ते तसूभरही सरकलं नाही. मग त्यांनी इंजिन दिव्याखाली धरलं, डोकं तिरकं केलं आणि रोज करतात तसं आत बघितलं.

"बाबा, चावा तपासलात का?"

"कुणाचा?"

"हिचा. दात दातांवर नीट आलेत, काम सुंदर झालंय. पण ही बाई तोंड मिटून बसलीय घट्ट."

त्या दवाखान्यात गेल्या आणि निळ्या कागदाची पट्टी घेऊन आल्या. दात भरून झाला की ती पट्टी दातांत धरून "चावा, आता घासा" म्हणतात, आणि जिथे दात उंच राहिला असेल तिथे निळा ठिपका उमटतो, तीच. त्यांनी ती मळसूत्र आणि पितळी चाक यांच्यामधे सरकवायला घेतली. सरकेना. कागदाचं टोकसुद्धा आत शिरेना. शेवटी मोटर काढून, कागद ठेवून, पुन्हा बसवली आणि काढली. सगळं चाक निळं झालं होतं. एखाद-दुसरा ठिपका नव्हे, नुसती शाई.

काका बघत राहिले. माणूस नुसता बसलेला असतो तेव्हा त्याचे वरचे दात खालच्या दातांना टेकत नाहीत, मधे थोडी मोकळी जागा राहते. ती नसली तर माणसाचा जबडा संध्याकाळपर्यंत ठणकायला लागतो. हे काका झोपेत सांगू शकले असते. हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ते सांगितलं होतं. कवळी हिरडीला घट्ट हवी, दात दातांना नव्हे. आणि स्वतः मात्र इंजिनाची हिरडी आणि दात दोन्ही एकाच दमात आवळून मोकळे झाले होते. वर त्या बिचाऱ्या मोटरला मरतुकडी म्हणाले होते.

"मी हिची बत्तिशी बसवताना दातखीळच बसवलीय," ते हळूच म्हणाले, "शब्दशः."

सूनबाई हसायला लागल्या आणि काकाही. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या की हसून पोट भरणार असेल तर मी झाकून ठेवते.

जेवण गार झालं. काका बैठक घासत होते, सूनबाई कागद धरत होत्या. "अजून जरा. अजून. थांबा, आता बास." शेवटी निळा कागद मधे ठेवूनच मोटर बसवली आणि मग कागद अलगद ओढून घेतला. राहिली ती कागदाएवढी जागा. काकांनी उताण्या इंजिनाला तारा लावल्या. बटण दाबलं. चाकं अशी फिरली, की तिथे कधी काही अडलं होतं यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

"तुझा हात चांगला आहे," काका म्हणाले.

"तुमची हिरडी चांगली होती," सूनबाई म्हणाल्या. खोलीत दोघंच असल्यामुळे हे बोलणं सभ्य ठरलं.

सोमवारी सकाळी काकांनी रूळ पुसले, गाडी वर चढवली आणि बटणापाशी उभे राहिले. तेवढ्यात विहीणबाई आल्याच. मागे टीव्हीचं खोकं, शिडी आणि तो लावणारा माणूस. विहीणबाई प्रेमळ होत्या, आणि त्यांचं प्रेम बोलण्यातून बाहेर पडे. त्या दारातून आत येईपर्यंत रस्ता, ऊन, टीव्हीचा आकार आणि काकांची तब्येत हे चार विषय संपले होते.

"व्याही, तुम्ही त्या शिडीवर चढता, माझा जीव खालीवर होतो बघा. आता टीव्ही आला, तुम्ही निवांत बसा. अगं, आणि माझी ती मागची दाढ पुन्हा दुखतेय, पण आधी टीव्ही."

"आधी दाढ," सूनबाई म्हणाल्या. "बस खुर्चीत."

या दाढेची कथा जुनी होती. वरची, अगदी शेवटची दाढ. विहीणबाईंचं तोंड बोलायला भरपूर उघडे, दाखवायला उघडत नसे. हनुवटी छातीला लावून त्या "आ" करत, आणि सूनबाईंना दिसायचं ते फक्त खालचे पुढचे दात आणि आईचा संशय.

"काका, चालवा गाडी," सूनबाई म्हणाल्या. मग सगळ्या गावासारखं काका म्हटलं म्हणून स्वतःच दचकल्या. "बाबा."

काकांनी बटण दाबलं. गाडी निघाली. पण ती उलटी निघाली. दातांच्या धंद्यात समोरच्या माणसाची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. उताण्या इंजिनाला तारा लावताना काकांनी जन्माच्या सवयीने रोग्याची उजवी ती उजवी धरली होती. आता इंजिन शेपटाकडे, डबे पुढे, अशी गाडी खिडकीपासून उलटी बाहेरच्या खोलीत गेली आणि दारावरच्या भोकातून, म्हणजे रोग्याच्या मागून, आत यायची तयारी करू लागली.

"व्याही, ही मागून येतेय वाटतं," विहीणबाई म्हणाल्या आणि ती कुठून येते ते बघायला त्यांनी मान मागे टाकली.

काकांचा हात दिशा बदलायच्या खटक्यावर होता.

"थांबा बाबा," सूनबाई म्हणाल्या. आवाज एकदम दवाखान्याचा. "हात लावू नका. आई, बघ हं, येईल आता, बघत राहा."

गाडी येते क्षणभर, माणूस वाट बघतो तो खूप वेळ. स्टेशनवर सुद्धा माणसं ज्या बाजूने गाडी येणार त्याच बाजूला माना लांब करून उभी असतात. आजवर गाडी खिडकीकडून यायची, म्हणून सगळे रोगी हनुवटी खाली घालून खिडकीकडे बघत बसत, आणि सूनबाई त्यांच्या वरच्या दाढा नुसत्या अंदाजाने भरत. आता विहीणबाई डोकं मागे टाकून, डोळे कपाळात नेऊन, तोंड वासून पडल्या होत्या. वरची दाढ, तिच्यातली काळी कीड, सगळं आरशात बघावं इतकं लख्ख.

गाडी आली, डोक्यावरून गेली. विहीणबाईंनी पुन्हा मान मागे टाकली. सूनबाईंनी तेवढ्यात सुई दिलीसुद्धा. गाडी किती वेळा आली कुणी मोजलं नाही, पण दाढ भरून झाली तेव्हा विहीणबाईंचा एक गाल फुगलेला होता, तोंडात कापूस होता आणि थोडा वेळ बोलायला सक्त मनाई होती. दवाखान्यात अशी शांतता पूर्वी कधी ऐकू आली नव्हती.

टीव्हीवाल्याने शिडी उघडली. "बाई, कुठे लावायचा? इथेच ना, खुर्चीवर? ही पट्टी काढावी लागेल."

काका भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी पट्टीकडे पाहिलं नाही. चष्मा पुसत राहिले.

विहीणबाईंनी छताकडे बोट दाखवलं, मग तेच बोट जोरजोराने हलवलं आणि म्हणाल्या, "आई आई. आहेअ ओईअ. आआआओअ."

टीव्हीवाला गोंधळला. सूनबाईही गोंधळल्या, आणि त्या तर लेक. पण काकांनी बिनदातांच्या माणसांचं बोलणं आयुष्यभर ऐकलं होतं. कवळी तोंडात जाईपर्यंत सगळं गाव त्यांच्याशी याच भाषेत बोललं होतं.

"नाही नाही म्हणतायत," ते म्हणाले. "बाहेरच्या खोलीत. बाकासमोर."

विहीणबाईंनी मान डोलावली आणि आणखी बरंच काही सांगितलं.

"वाट बघणाऱ्यांना टीव्ही, झोपणाऱ्यांना गाडी," काका सांगू लागले. "आणि गाडी जरा सावकाश सोडा, मला डब्यांच्या खिडक्या बघायच्यात, असं म्हणतायत."

"खरंच एवढं म्हणाली ती?" सूनबाईंनी विचारलं.

विहीणबाईंनी काकांच्या हातावर चापट मारून हो म्हटलं. टीव्हीवाला खोकं उचलून बाहेर गेला.

"बघा मग, डॉक्टर," काका म्हणाले. "वेग किती ठेवू?"

"ते तुमचं खातं, बाबा," सूनबाई हातमोजे काढत म्हणाल्या. "मला फक्त उद्या सकाळी बेकरीवाल्यांच्या वेळेआधी रूळ पुसलेले हवेत. त्यांनी फोन केलाय. विचारत होते, गाडी विझली का."